उजवीकडचं चाक

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय शमीम,

तू फोनवर येत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले आहे. परवा तुझ्या मियाँनी, हारुनभाईंनी, दोह्याहून फोन केला तेव्हा मागून तुझा आवाज आला मला. लेकीला, इकराला, कशावरून तरी झापत होतीस. म्हणजे आवाज शाबूत आहे, जीभही जागेवर आहे, फक्त माझ्याशी बोलायचं नाही. हरकत नाही. पत्र आलं की तू ते उघडणार, एवढी मी तुला ओळखते. शाळेत असताना तू दुसऱ्यांना आलेली पत्रंसुद्धा सोडली नाहीस, मग हे तर तुझ्याच नावाचं आहे.

हारुनभाई म्हणाले, शमीम आता रत्नागिरीला यायचंच नाही म्हणते. मार्चच्या सुट्टीत नाही आणि पुढेही कधी नाही. सड्यावरचं घर भाड्यानं देऊन टाका म्हणते. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून खिडकीशी बसून असते, दाराबाहेर पाऊल टाकत नाही. का, तेही त्यांनी सांगितलं. सांगता सांगता मध्येच उगाच इथल्या हवेची चौकशी करायला लागले. त्यावर मला जे म्हणायचं आहे ते शेवटी म्हणेन. आधी तुझे आभार मानायचे आहेत. नाक मुरडू नकोस. आपल्यात ती पद्धत नाही हे मला माहीत आहे, पण इतक्या वर्षांचं साठलं आहे आणि आज मी ते बाहेर काढणार आहे. तुला सगळं वाचावं लागेल.

इकडची खबर आधी देते. यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. तुझ्या सासूबाईंनी शिरखुर्मा पाठवला आणि आमच्या बाबांनी, म्हणजे तुझ्या राजाभाऊकाकांनी, साखर वाढलेली असताना दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ला. विचारलं तर म्हणाले, शेजाऱ्यांचा मान ठेवावा लागतो. मी करंज्यांचा डबा वर नेऊन दिला. मी निघताना सासूबाई माझा हात सोडेनात. घाटी आता डांबरी झाली आहे बरं का. जांभूळघाटी, आपली! रिक्षा भरकन वर जातात, एस.टी.सुद्धा जाते, नवीन मास्तर मोटारसायकलवरून शीळ घालत जातात. वळणावळणाला पांढरे दगड लावलेत. त्यांना काय सांगायचं इथे काय होतं ते.

तुला तर आठवत असेलच. नुसता जांभ्या दगडाचा चढ, चार वळणं, दोन्ही बाजूंना दगड रचलेले गडगे, आणि पावसाळ्यात रस्त्याच्या मधोमध धावणाऱ्या पाण्यानं पाडलेली उभी घळ. रिक्षावाले खालूनच हात जोडायचे. एस.टी. जायची ती गावाला वळसा घालून, आणि सोडायची शाळेपासून इतकी लांब की त्यापेक्षा घाटी बरी. आमचं घर खाली खाडीकाठी आणि शाळा वर सड्यावर, कातळाच्या माळावर. लहानपणी याच घाटीनं आपण शाळेत जायचो. माझ्या डाव्या पायात कॅलिपर, डावा हात तुझ्या खांद्यावर, आणि दोघींची दप्तरं तुझ्या पाठीवर. तू वाटेत इतकं बोलायचीस की चढ कधी संपला ते कळायचं नाही. पोलिओचा पाय माझा होता, धाप मात्र तुला लागायची.

नव्व्याण्णव साली त्याच शाळेत मला भूगोल शिकवायची कायमची नोकरी लागली. तोवर बाजारातल्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून दिवस काढत होते. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. तुझं लग्न होऊन तूही सड्यावरच्याच घरात नांदायला गेली होतीस, म्हणजे सगळं कसं जुळून आलं होतं. फक्त मध्ये घाटी होती. कमरेचं दुखणं सुरू झालं होतं आणि डॉक्टरांनी पायी चढ चढायला साफ मनाई केली होती. तेव्हा बाबांनी कोल्हापूरहून ती जुनी तांबडी स्कूटर आणली. बिनगिअरची, दोन्ही ब्रेक हातात, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची दोन चाकं. चढ जमला तर नोकरी, नाही तर घरी बसून जन्मभर आंबापोळ्या वाळवायच्या, असा सरळ हिशेब होता.

पण बाबा म्हणजे बाबा. आंब्याच्या कलमाला टेकू द्यायचा तर तो भक्कम द्यायचा, हेच त्यांना माहीत. मुलगी पडता कामा नये, म्हणून त्यांनी माळनाक्यावरच्या केरूकडून आधाराच्या चाकांचे लोखंडी अँगल दुप्पट जाड करून घेतले. मूळची चाकंही त्यांना किरकोळ वाटली. ती काढून भंगारातल्या टेम्पोची चाकं बसवली. केरू नको नको म्हणत होता, पण वेल्डिंग करून मोकळा झाला. स्कूटर अशी दणकट झाली की उभी असताना हत्तीनं धडक दिली तरी हलली नसती. चालू केल्यावरही ती फारशी हलली नाही. पहिल्याच वळणावर तिनं एक सुस्कारा सोडला आणि बसली. अख्खी वाडी बघत होती. चार जणांनी धरून मला उलटं खाली आणलं. बाबा हळूच म्हणाले, "राहू दे गो. घरात काय कमी आहे आपल्याला?" ते ओरडले असते तर मी भांडले असते. एवढ्या मायेनं म्हटल्यावर भांडायचं तरी कसं?

त्या संध्याकाळी तू खाली आलीस. मला वाटलं समजूत काढशील. तू स्कूटरचं एका बाजूचं चाक हातानं फिरवून बघितलंस, फिरेना, तेव्हा लाथ मारून बघितलंस, आणि म्हणालीस, "हे चाक हाय की जातं?" मग घरी जाऊन हारुनभाईंना पत्र टाकलंस. ते मेमध्ये सुट्टीवर यायचे होते.

त्यांनी आणलेली पेटी उघडण्याचा सोहळा मी मरेपर्यंत विसरणार नाही. सासूबाई मिक्सरची वाट बघत पुढे बसलेल्या. शेजारणी अत्तरासाठी पदर सावरून तयार. हारुनभाईंनी ब्लँकेटची गुंडाळी सोडली आणि आतून निघाली दोन चाकं! दवाखान्यातल्या ढकलगाड्यांना असतात तशी, अ‍ॅल्युमिनियमची, वर भरीव रबर, चांदीच्या ताटासारखी लखलखीत. सासूबाईंनी ब्लँकेट झटकून बघितलं, मिक्सर आत कुठे अडकलाय का म्हणून. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं म्हणे विचारलं होतं, विमान सुटं करून आणलंय काय? सगळे हसत होते आणि मी त्या चाकावरून नुसता हात फिरवत होते. पण एक गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नाही. परवा हारुनभाई बोलता बोलता सांगून गेले. त्या वर्षी ते तुला बांगड्या आणणार होते. तूच पत्रात लिहिलं होतंस की बांगड्या राहू देत, चाकं आणा. सात वर्षं, शमीम! सात वर्षं मी त्या चाकावर बसून फिरले आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाबांना सांगितलं कांदा चिरत होते, तर म्हणाले, आज तर आमटी-भातच आहे.

केरूनं जुनं चाक काढलं तेव्हा त्याला दोन्ही हात लागले. नवं त्यानं बोटावर धरून गरगर फिरवून दाखवलं. जड चाकाचं दुखणं दुहेरी असतं, तो म्हणाला. वर न्यायला इंजिनाचा जोर लागतो, आणि त्याआधी ते फिरवायलाच निम्मा जोर खर्ची पडतो. जाड अँगलही काढून त्यानं पातळ पाइप लावले. बाबा बाजूला उभे राहून प्रत्येक पाइप वाकवून बघत होते.

आणि खरंच, काय पळाली ती त्या दिवशी! पहिलं वळण, दुसरं वळण. मी ओरडत होते आनंदानं. तिसऱ्या वळणावर ती घळीपाशी आली आणि जागच्या जागी कोकलायला लागली. इंजिन ओरडतंय, मागचं चाक फिरतंय, धूर येतोय आणि स्कूटर तसूभर पुढे सरकत नाही. हारुनभाईंनी ढकललं, दगड लावले, काही नाही. मग बाबा धापा टाकत वर आले, त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिशात टाकली. मी हँडलवर डोकं ठेवून रडले, कारण ती किल्ली आता परत मिळणार नाही हे मला कळलं होतं.

तू मात्र माझ्याजवळ आलीसच नाहीस. राग आला होता मला त्याचा. डोळे पुसून बघते तर तू चांगल्या कपड्यांनिशी त्या तांबड्या मातीत पालथी पडून स्कूटरखाली बघत होतीस. तिथूनच ओरडलीस, "अगो, मागचं चाक अधांतरी हाय!" दोन्ही बाजूंची चाकं घळीच्या दोन काठांवर टेकलेली आणि इंजिनाचं चाक मध्ये हवेत फिरत होतं. हलकी असोत की जड, त्या दोघांनी मिळून त्याला उचलून धरलं होतं. तू कपडे झटकत उठलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि जे बोललीस ते मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. "मी कधी तुझ्या उजवीकडून चाललेय काय गो? उजवा पाय काय झोपलाय तुझा? उजवीकडचं चाक काढा ते!"

इतकं साधं होतं ते. मला आधार हवा होता तो डावीकडे. उजवा पाय माझा खणखणीत, टेकवला की टेकला. पण पाय अधू म्हटलं की सगळे दोन्ही बाजूंनी टेकू लावायला धावतात, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं की मी अर्धी तर ठणठणीत आहे. तुला सुचलं, कारण शाळेच्या सगळ्या वर्षांत तू एकाच बाजूनं चालत आली होतीस.

बाबा ऐकेनात. एका बाजूला चाक आणि एका बाजूला नाही, असली गाडी असते का कुठे? उद्या ती उजवीकडे कलंडेल, मग कोण जबाबदार? किल्ली खिशातच. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्यांना खाडीवर घेऊन गेलीस. तुझ्या अब्बांची होडी लागली होती. उलांडीची होडी, एका अंगाला आडव्या काठ्या बांधून त्यांना पांगाऱ्याचा हलका ओंडका लावलेली. तो ओंडका पाण्यावर टेकलेला असतो म्हणून होडी उलटत नाही. बाबांच्या आंब्याच्या पेट्या दर वर्षी त्याच होडीतून पलीकडे जात होत्या. तू तिकडे बोट दाखवून म्हणालीस, "राजाभाऊकाका, उलांडी किती बाजूंना हाय? आणि तुमची एक तरी पेटी आजवर बुडली काय?" बाबांनी वाकून तो ओंडका हातानं हलवून बघितला. मग अब्बांना विचारलं, ओंडका जड का लावत नाही? अब्बा म्हणाले, जड लावला तर तोच ओढून नेईल. बाबांनी खिशातून किल्ली काढून तुझ्या हातात ठेवली. माझ्या नाही, तुझ्या. सगळ्यांना सांगते मी हे अजून.

केरूनं उजवीकडचं चाक काढलं. डावं जरा पुढे घेऊन बसवलं. आता तीन चाकं, आणि तिवई कधी डुगडुगत नाही. मी निघाले तशी बाबा उजवीकडून चालायला लागले. हात पसरलेले, लावलेले नाहीत, नुसते पसरलेले, मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा धरतात तसे. पहिल्या वळणापर्यंत बरोबर होते. मग धावायला लागले. दुसऱ्या वळणाला मला त्यांची धाप ऐकू आली, नंतर ती मागे राहिली. मला थांबायचं होतं गं. पण चढात थांबले तर परत निघता येणार नाही, आणि मागून त्यांचा आवाज आला, "जा! जा तू!" घळीत डावं चाक उतरलं, धडपडलं, बाहेर आलं. मागच्या चाकानं जमीन सोडली नाही. चौथं वळण कधी गेलं कळलंच नाही. वर तू उभी होतीस. टाळ्या नाहीत की मिठी नाही. म्हणालीस, "उशीर केलास. चहा गार झाला."

त्या चढानं मला काय काय दिलं ते सांगू? शाळा दिली. सड्यावरची पोरं दिली, माझ्या तासाला नकाशात दोहा शोधतात आणि मग विचारतात बाई, तुमची मैत्रीण नक्की कुठे राहते? तू दोह्याला जाईपर्यंत तुला मागे बसवून आपण गणपतीपुळ्याला गेलो, लांज्याच्या लग्नाला गेलो, वाटेत उसाचा रस प्यायलो आणि कोणाला सांगितलं नाही. सासूबाई नमाजाला बसल्या की सड्यावर तू माझ्या स्कूटरवर शिकलीस. पहिल्या दिवशी गडग्यात घातलीस आणि दोष गडग्याला दिलास. महिन्याभरात माझ्यापेक्षा बरी चालवायला लागलीस, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते. कोणाच्या सवडीची वाट न बघता घराबाहेर पडायचं, मनात आलं की निघायचं, हे सुख माझ्या नशिबात तुझ्यामुळे आलं. आई गेल्यावर घरात मी आणि बाबा दोघंच उरलो तेव्हाही मी कोणावर ओझं झाले नाही. शमीम, मी तुझी फार फार ऋणी आहे. बघ, लिहिलं. आता वाटतं तेवढं अवघडही नव्हतं.

काढलेलं उजवं चाक बाबांनी टाकून दिलं नाही. आंब्याच्या खोलीत खुंटीवर टांगून ठेवलं. दर वर्षी मोसमाच्या आधी खोली झाडायची तेव्हा ते काढतात, पुसतात, तेल घालतात, फिरवून बघतात आणि परत टांगतात. मी चिडवायची, बाबा, तुमचा अजून विश्वास नाही का माझ्यावर? ते म्हणायचे, असू दे, लागलं तर. दोन वर्षांपूर्वी मी नवी स्कूटर घेतली. डावं चाक तिला लावलं आणि तांबडी पडवीत उभी करून ठेवली. ती विकायला बाबाही तयार नव्हते आणि मीही नव्हते.

आता शेवटचं. त्या मोटारीच्या धडकेनंतर तुझा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, आणि तू हारुनभाईंना म्हणालीस की मला उचलून घाटी चढवतील, वाडीतली माणसं हळहळतील, ते मला बघवणार नाही. परवा फोन झाल्यावर मी हे बाबांना सांगितलं. ते उठून आंब्याच्या खोलीत गेले आणि खुंटीवरचं चाक काढून घेऊन आले. पायरीवर बसून संध्याकाळभर त्याला तेल घालत होते. काल केरू घरी येऊन ते तांबडीला लावून गेला, उजवीकडे. डावीकडे काही लावलेलं नाही, कारण तुझा डावा पाय काही झोपलेला नाही. दोन्ही ब्रेक हातातच आहेत. मी सड्यावर चालवून बघितली, माझ्यासाठी उलटी आहे, तुझ्यासाठी बरोबर आहे. मार्चमध्ये ये. तुला कोणी उचलणार नाही. जांभूळघाटी आपण दोघी आपापल्या गाडीवरून चढू, अगदी जोडीनं. फक्त आजवर तू माझ्या डावीकडे असायचीस, आता उजवीकडे यावं लागेल. माझं चाक डाव्या अंगाला, तुझं उजव्या, मध्ये काही नाही. रस्ता पूर्ण अडेल. मागची एस.टी. वाजवू दे हॉर्न. चहा सासूबाईंना करायला सांगितला आहे.

तुझ्या डाव्या अंगानं येणारी, तुझीच
सुनेत्रा